आरोग्याची समज मोजताना

औषधाची चिठ्ठी समजून घेणं, सांगितल्याप्रमाणे गोळ्या घेणं, ताप उतरला नाही तर कुठं जायचं ते ठरवणं, कानावर पडणाऱ्या दहा सल्ल्यांपैकी कोणता मानायचा हे ओळखणं, या सगळ्याला मिळून आरोग्य साक्षरता म्हणतात. ती मोजण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. आलेल्या आकड्यांवरून कोणत्या लोकांसाठी काय करायचं हे ठरतं, आणि ‘हे लोक अडाणी’ असा शिक्काही बसतो. म्हणून हे मोजमाप न्याय्य असायला हवं.

अमेरिकेत १९९०च्या दशकात ‘रिअल्म’ नावाची चाचणी रूढ झाली. ६६ वैद्यकीय शब्दांची यादी रुग्णानं मोठ्यानं वाचायची. उच्चार बरोबर आला की गुण. इंग्रजीत स्पेलिंगवरून उच्चार नेहमी कळत नाही, त्यामुळे शब्द आधीपासून ओळखीचा आहे की नाही याचा थोडा अंदाज येई. स्पॅनिशमध्ये मात्र लिहिलेलं असतं तसंच वाचलं जातं. तिथं नुसत्या वाचनावरून काही कळेना. मग २००६ मध्ये स्पॅनिशसाठी ५० शब्दांची वेगळी चाचणी आली. तिच्यात शब्द वाचायचा आणि त्याच्याशी संबंधित शब्दही निवडायचा. आपली देवनागरीही तशीच आहे. चौथीतली मुलगी ‘उच्च रक्तदाब’ न अडखळता वाचेल. पण त्यावरून तिला आजार कळला असं म्हणता येणार नाही.

२००५ मधल्या दुसऱ्या एका चाचणीत आइस्क्रीमच्या डब्यावरचं पोषणमूल्यांचं लेबल दाखवून ६ प्रश्न विचारतात. ज्या घरात असा डबा कधी आलाच नाही, तिथल्या माणसाची यात नेमकी कोणती परीक्षा होते? २०११ मध्ये युरोपातल्या ८ देशांत ४७ प्रश्नांची पाहणी झाली. दुसऱ्या डॉक्टरांचं मत कधी घ्यावं हे ठरवणं तुम्हाला किती सोपं वाटतं, असा त्यात एक प्रश्न होता. हाच प्रश्न डोंगराळ धडगाव भागातल्या एखाद्या पाड्यावर विचारला, तर बाई ‘अवघड’ म्हणेल. पण ती अडचण तिच्या समजुतीतली नसेल. पहिल्या डॉक्टरपर्यंत पोचायलाच तिला डोंगर उतरावा लागत असेल.

आता महाराष्ट्रातला अनुभव पाहा. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येक जणी शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या. गरोदर बायकांची तपासणी, बाळंतपण, मुलांचा आहार ही कामं त्यांनी समर्थपणे केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं निरक्षर दाईंसाठी श्वास मोजण्याचं साधन बनवलं. त्यात वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया असल्याचा संशय घ्यायचा. या बायकांपुढे वाचनाची चाचणी ठेवली असती, तर त्या नापास ठरल्या असत्या. त्या चाचणीनं त्यांची शाळा मोजली असती. त्यांचं आरोग्याचं ज्ञान तिला दिसलंही नसतं.

वजन करण्याआधी काटा शून्यावर आहे ना, हे आपण बाजारात पाहतो. प्रश्नावलीचंही तसंच पाहायला हवं. कोरकू, माडिया, भिली बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेत विचारावं. मोजणी सुरू करण्याआधी त्यांच्यातल्याच काही जणांसोबत बसून ‘या प्रश्नातून तुम्हाला काय कळलं?’ हे ऐकून घ्यावं. सारखीच समज असलेली दोन माणसं निव्वळ वेगळ्या समाजातली म्हणून एखाद्या प्रश्नाला वेगळं उत्तर देत असतील, तर दोष प्रश्नाचा. संख्याशास्त्रानं असे प्रश्न शोधता येतात. ते बदलावेत किंवा काढून टाकावेत. आपल्याकडे औषधपाण्याचे निर्णय बहुतेकदा घर मिळून घेतं, हेही ध्यानात ठेवावं. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रश्नावलीच्या ९ भागांपैकी एक भाग माणसाला मिळणाऱ्या आधाराचाच आहे. आणि दवाखान्यालाही मोजावं: तिथल्या पाट्या कळतात का, सूचना रुग्णाच्या भाषेत मिळतात का, प्रश्न विचारायला वेळ मिळतो का?

एक मोजमाप तर उद्यापासून करता येईल. डॉक्टरांनी, परिचारिकांनी, आशाताईंनी औषध समजावून झालं की म्हणावं, ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल, ते सांगा बरं.’ उत्तर चुकलं, तर पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगावं. इथं रुग्ण स्वतःच्या भाषेत, स्वतःच्याच आजाराबद्दल बोलतो, आणि परीक्षा होते ती सांगणाऱ्याची. मोठ्या पाहण्यांनीही हाच नियम पाळावा. एखाद्या तालुक्याचा आकडा कमी आला, तर लोकांना नावं ठेवण्याआधी आपला प्रश्न आणि आपली सेवा तपासावी.