समबलांचा सामना आणि भाकिताचा बाजार



व्यवहाराला लागणारे ज्ञान कोणा एका शहाण्याच्या डोक्यात साठलेले नसून असंख्य माणसांत कणाकणाने विखुरलेले असते, आणि ते एकत्र आणण्याचे सामर्थ्य बाजारभावात असते, हा सिद्धान्त अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख हायेक यांनी 1945 साली मांडला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने 1988 मध्ये अध्यक्षीय निवडणुकीवर जो भाकितबाजार उघडला, त्याच्यामागे हाच विश्वास होता. अशा बाजारांतील नेहमीच्या सौद्याचा शिरस्ता सोपा आहे: घटना घडली तर सौद्याला एक डॉलर, न घडली तर शून्य, म्हणून सौद्याचा भाव 50 सेंट असेल, तर घटना घडण्याची संभाव्यता निम्मी आहे, असा बाजाराचा कौल समजावा. आज कल्शीसारख्या भाकितबाजार चालवणाऱ्या पेढ्यांवर क्रीडासामन्यांचेही असे सौदे होतात. आणि माझा प्रश्न असा की, दोन तुल्यबळ खेळाडू टेबल टेनिसच्या मेजाशी उभे असता हा बाजार कोणते ज्ञान गोळा करतो?

या खेळातील समतोल किती नाजूक असतो, ते पाहा. शंभर गुणांपैकी बावन्न गुण मिळवण्याची कुवत एका खेळाडूत असली, तर अकरा गुणांचा गेम तो शंभरात सुमारे सत्तावन्न वेळा जिंकेल आणि सात गेमांचा सामना जवळजवळ दोन-तृतीयांश वेळा. म्हणजे भाव खरोखरच पन्नासावर स्थिरावला असेल, तर एवढासा फरकही बाजाराच्या हाती लागलेला नाही; गोळा करण्याजोगे जे होते ते संपले आणि उरली ती निव्वळ अनिश्चितता.

टोकियो ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीच्या उपांत्यपूर्व सामन्यात जपानचे जुन मिझुतानी आणि मिमा इतो हे जर्मन जोडीविरुद्ध निर्णायक गेममध्ये 2-9 असे मागे पडले होते. दोन्ही जोड्या समबल मानून हिशेब केला, तर तेथून गेम जिंकण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक येते. त्यांनी तो गेम 16-14 असा जिंकला आणि पुढे सुवर्णपदकही मिळवले. 2-9 असा गुणफलक असताना कोणी त्यांच्या विजयाचा सौदा एका सेंटला विकला असता, तरी तो भाव चुकीचा ठरत नाही, कारण शंभरातली एक गोष्ट शंभरात एकदा घडायचीच. परंतु तो सौदा घेणारा मात्र त्या एका लाभाला आपल्या दूरदृष्टीची साक्ष मानू लागतो, आणि व्यसनाचे बीज नेमके तेथे पडते.

आता दस्तुरीचा हिशेब. कल्शीच्या सर्वसाधारण शुल्कसूत्रानुसार भाव आणि एक वजा भाव यांच्या गुणाकाराला 0.07 ने गुणायचे असते. म्हणून शुल्क सर्वाधिक येते ते नेमके 50 सेंटांवर, एका सौद्यामागे पावणेदोन सेंट. पन्नासाला घेतलेला सौदा असा पावणेबावन्न सेंटांना पडतो. जेथे ग्राहकाजवळ विशेष ज्ञान असण्याचा संभव सर्वांत कमी, तेथेच त्याच्याकडून वसुली सर्वांत जास्त.

भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई झाली आहे. परंतु केवळ कायद्याच्या धाकाने हा मोह आवरावा, असे मला वाटत नाही. निवडणुकीच्या निकालाविषयी विखुरलेली माहिती एकत्र येत असेल, तर भाकितबाजाराला काही सामाजिक प्रयोजन आहे, हे मी मान्य करतो. समबलांच्या सामन्यात तेही प्रयोजन उरत नाही. निकाल आधी कळू शकत नाही, हेच अशा सामन्याचे खरे वैभव होय. आणि ते प्रेक्षकाला एक पैचीही जोखीम न घेता पूर्णपणे उपभोगता येते.