आत्मरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?



आत्मरक्षणासाठी कोणते शस्त्र घ्यावे, हा प्रश्न सराफ विचारतात, गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारे बागायतदार विचारतात आणि मुले परदेशी गेलेले वृद्ध दांपत्यही विचारते. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा चित्रपटातले पिस्तूल असते. प्रत्यक्षात भारतीय नागरिकापुढील निवडीचे क्षेत्र फारच अरुंद आहे.

त्याला इतिहास आहे. १८५७चा धसका घेतलेल्या इंग्रज सरकारने १८७८ साली शस्त्रकायदा केला. युरोपीयांना त्यातून सूट दिली आणि भारतीयांना परवान्याच्या दाराशी उभे केले. म्हणूनच १९३१च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या ठरावात घातला. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला, वांशिक भेद गेला. परवाना मात्र राहिला. लष्कर व पोलीस वापरतात ती ९ मिलिमीटरची पिस्तुले सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. स्वसंरक्षणासाठी नागरिकाच्या वाट्याला मुख्यतः येते ते पॉइंट ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा त्याच बोअरचे पिस्तूल. बोअर एकच असला तरी दोहोंची काडतुसे निराळी. एकाची दुसऱ्यात चालत नाहीत.

मग या दोहोंत योग्य कोणते? पिस्तूल चपटे, बाळगण्यास सोयीचे आणि अधिक गोळ्यांचे. पण काडतूस फुटले नाही वा अडकले, तर स्लाइड मागे ओढून ते काढावे लागते. घाबरलेल्या, सराव नसलेल्या माणसाकडून ही क्रिया होईल, असे गृहीत धरणे धाडसाचे आहे. रिव्हॉल्व्हरचे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस समोर येते. गोळ्या सहाच, पण चाप जड असल्याने ती अनवधानाने उडण्याची शक्यताही कमी. वर्षातून दोन-चारदाच शस्त्र हाताळणाऱ्या गृहस्थासाठी, आणि बहुसंख्य परवानाधारक असेच असतात, रिव्हॉल्व्हरच उजवे.

२०१२च्या दिल्लीतील अमानुष घटनेनंतर २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांना डोळ्यांसमोर ठेवून ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे अर्धा किलो. किंमत मात्र तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. ज्या कष्टकरी स्त्रीला रात्रपाळीहून एकटीने परतावे लागते, तिला ते परवडणार कसे, याचे उत्तर कोणी दिले नाही. शिवाय शस्त्र जितके हलके तितका त्याचा हाताला बसणारा झटका अधिक. खरेदीपूर्वी मूठ हातात नीट बसते का, बोट चापापर्यंत सहज पोहोचते का आणि जड चाप ओढताना नेम ढळतो का, हे पाहिलेच पाहिजे. दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा हे महत्त्वाचे.

शस्त्र घेणाऱ्याने कायद्याची मर्यादाही जाणली पाहिजे. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत खाजगी संरक्षणाचा हक्क आहे. २०१० साली दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हल्ला झाल्यावर नागरिकाने भ्याडासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. पण हा हक्क सूड घेण्यासाठी नाही. धोका टळला की हक्कही संपतो. पाठ फिरवून पळणाऱ्यावर झाडलेली गोळी घरमालकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करू शकते. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांनाही २०१९च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली आहे. ते योग्यच झाले.

राहिला घराचा प्रश्न. उशाखालचे भरलेले रिव्हॉल्व्हर चोराआधी नातवाच्या हाती लागते. शस्त्र कुलूपबंद पेटीत, काडतुसे वेगळी, असे ठेवावे तर ऐन प्रसंगी वेळ जातो, ही तक्रार खरी आहे. त्यावर तोडगा एकच: दाराला भक्कम कडी, अंगणात दिवा आणि भुंकणारा कुत्रा. पेटी उघडण्याइतका अवधी त्यांच्यामुळे मिळतो. ही व्यवस्था ज्या घरात नाही, तेथे परवान्याचा अर्ज भरण्याआधी सुताराला बोलवावे.