वादकाचे नाव



दिवाळे हे पनवेल खाडीच्या काठचे कोळ्यांचे गाव. कोळीवाड्यात हळदीला बँड वाजतो, कोळीगीते होतात आणि सारी आळी नाचते. गाणे कोणते होते हे सकाळी सर्वांना आठवते. ट्रंपेट कोणी वाजविला, हे सहसा कोणी विचारीत नाही. ही बाब क्षुल्लक वाटली तरी तिच्या मुळाशी श्रमाच्या मोबदल्याचा प्रश्न आहे, आणि एका परदेशी रेडिओ-निवेदकाच्या कामामुळे तो अधिक स्पष्ट होतो.

विलिस कॉनोव्हर यांनी १९५५ पासून चार दशके ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या लघुलहरींवरून जॅझ ऐकविले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनाही कळावे म्हणून ते सावकाश आणि सुटे शब्द उच्चारून बोलत. ब्लूज आणि जॅझ ही अमेरिकेतील काळ्या जनतेची निर्मिती. ब्लूजची मुळे तर मळ्यांवर राबणाऱ्यांच्या श्रमगीतांत आहेत. हे संगीत हलक्या करमणुकीचे मानले जात असताना कॉनोव्हर त्यातील वादकांविषयी पंडिताविषयी बोलावे तशा आदराने बोलत. त्यांना स्वतःला मात्र मायदेशात फारसे कोणी ओळखीत नसे. कारण ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे कार्यक्रम देशांतर्गत प्रसारित करण्यास कायद्याने मनाई होती.

हा सारा शीतयुद्धातील प्रचार होता, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप खोटा नाही. ज्या कलावंतांना अमेरिकन सरकार जगापुढे मिरवीत होते, त्यांनाच घरी वर्णभेद सोसावा लागत होता. म्हणूनच लिटल रॉक येथील शाळाप्रवेशाच्या प्रकरणानंतर, १९५७ साली, लुई आर्मस्ट्राँग यांनी सरकारी सोव्हिएत दौऱ्यावर जाण्याचे नाकारले. परंतु प्रचाराचा हेतू ओळखूनही कॉनोव्हर यांची रीत घेण्याजोगी उरते: संगीताबरोबर ते निर्माण करणाऱ्या माणसाचीही ओळख करून देणे.

मुंबईत ही रीत रुजली असती, तर अनेकांचे भाग्य बदलले असते. हॉटेलांतील जॅझ वाजविणारे गोव्याचे वादक स्वातंत्र्यानंतर मोठ्या संख्येने चित्रपटसंगीताकडे वळले. अल्डोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटातील वाद्यवृंदाच्या झगमगाटात त्यांच्या ट्रंपेटचा वाटा होता. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसूझा रचीत. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. पण सामान्य प्रेक्षकाला ते नाव १९७७ सालच्या एका विनोदी गाण्यातूनच ठाऊक झाले. ध्वनिमुद्रिकेवर यांपैकी बहुतेकांचा उल्लेख नसे. मोबदला ध्वनिमुद्रणाच्या हजेरीवर मिळे. गाणे पुढे पन्नास वर्षे विकले गेले, तरी त्या विक्रीत वादकाचा वाटा नव्हता.

नावाला किंमत असते, हे नभोवाणीनेच एकदा सिद्ध केले आहे. ‘महल’ (१९४९) चित्रपटातील गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. ज्याचे नाव गिऱ्हाइकाला ठाऊक आहे त्यालाच मजुरीची घासाघीस करता येते. अनाम श्रमिकाच्या जागी दुसरा अनाम श्रमिक उभा करणे मालकाला सोपे असते. गिरणीच्या कापडावर गिरणीचा शिक्का असे, विणणाऱ्याचा नसे. वादकाची स्थिती याहून निराळी नव्हती.

कायदा उशिरा जागा झाला. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात प्रयोगकर्त्या कलावंताचे हक्क १९९४ मध्ये आले. २०१२ च्या दुरुस्तीने, आपल्या प्रयोगाचा कर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी, असा हक्क त्याला दिला. मात्र वापराच्या स्वरूपामुळे नाव गाळणे भाग पडत असेल तर ते गाळता येईल, अशी पळवाटही त्याच कलमात आहे. अंमलबजावणीची सारी भिस्त आता नाव घेणाऱ्यांच्या इच्छेवर आहे.

ही इच्छा अशक्य कोटीतील नाही. आकाशवाणीवरील शास्त्रीय मैफलीत तबल्यावर आणि हार्मोनियमवर साथ कोणाची, हे आवर्जून सांगितले जाते. तेथे चार शब्दांना वेळ मिळतो. मग चित्रपटगीत किंवा कोळीगीत लावताना यादी गायक, संगीतकार आणि गीतकार यांच्यापाशीच का थांबावी? ‘मी डोलकर’ म्हटले की शांता शेळके, हृदयनाथ मंगेशकर, लताबाई आणि हेमंतकुमार ही नावे योग्यच आठवतात. त्या गाण्याला दर्याची लय देणारे वादकही त्याच ओळीत बसले पाहिजेत.

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या नभोवाणीने हा नियम स्वतःला घालून घ्यावा, ही मागणी करण्याचा अधिकार श्रोत्यांना आहे. दिवाळ्यासारख्या गावांनी मात्र तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. हळदीचे चित्रण आज घरोघरी होते, ते दूरवर पाहिलेही जाते. त्याखाली बँडच्या मालकाबरोबर प्रत्येक वादकाचे नाव लिहावे. त्याला एक पैसाही खर्च येत नाही, आणि पुढच्या सुपारीच्या वेळी तो वादक आपला दर स्वतः सांगू शकेल.