साते : जावा बेटाची चव, आपल्या अंगणात

द्वारका म्हटले की तुम्हांला श्रीकृष्णाची नगरी आठवेल. माझी द्वारका नाशिकची. मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो, तो हा चौक. येथे समुद्र नाही. आहे तो वाहनांचा. संध्याकाळी येथून जुन्या नाशकाकडे निघालो की कोठे ना कोठे निखाऱ्यावर भाजल्या जाणाऱ्या सीख कबाबाचा वास येतो. असाच, पण थोड्या निराळ्या मसाल्याचा वास जावा बेटापासून सिंगापूरपर्यंत रस्त्यारस्त्यांवर दरवळत असतो. त्या पदार्थाचे नाव साते. कोंबडीचे लहान तुकडे काडीला ओवायचे, निखाऱ्यावर भाजायचे आणि शेंगदाण्याच्या दाट रश्शाबरोबर खायचे. ही साते घरी कशी करावी, ते आज सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, मास्तरांनी भूगोल शिकवावा, कोंबडी कशाला भाजावी? पण शिक्षक बंधूभगिनींनो, ही एक काडी म्हणजे भूगोलाचा आख्खा धडा आहे. सातेचा उगम जावा बेटावर झाला आणि तेथे येणाऱ्या हिंदी व अरबी लोकांच्या कबाबांवरून ती सुचली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्याकडची सीख समुद्र ओलांडून गेली, आणि तिकडे तिची काडी झाली. रश्शातला शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. युरोपीय दर्यावर्दी लोकांच्या जहाजांतून तो पूर्वेकडे आला. आज मलेशियातले काजांग हे गाव सातेसाठीच प्रसिद्ध आहे. सिंगापुरात लाउ पा सात या जुन्या मंडईला लागून असलेला रस्ता संध्याकाळी वाहनांना बंद करतात आणि तेथे सातेच्या शेगड्या मांडतात.

आता सामानाकडे वळू. यात तुम्हांला अनोळखी असे काही आढळणार नाही. चार-पाच माणसांसाठी अर्धा किलो बिनहाडाची कोंबडी घ्यावी. मांडीचे मांस असले तर उत्तम, कारण ते भाजताना कोरडे पडत नाही. गावठी कोंबडी रश्शाला गोड, पण साते करताना ती चिवट लागते. येथे ब्रॉयलरच बरी. तुकडे अंगठ्याच्या पेराएवढे, सगळे सारखे करावेत. तुकडे लहानमोठे झाले तर लहान करपतो आणि मोठा कच्चा राहतो.

वाटणासाठी एक कांदा, चार लसूणपाकळ्या, इंचभर आले आणि गवती चहाची दोन-तीन ताटे घ्या. परसातल्या गवती चहाची पाने आपण चहात टाकतो. येथे बुंध्याजवळचा पांढरट, कोवळा भाग हवा. तो बारीक चिरून मगच वाटावा, नाहीतर त्याचे दोरे दातांत येतात. वाटणात एक चमचा हळद, दोन चमचे धनेपूड, अर्धा चमचा जिरेपूड, एक सपाट चमचा मीठ, दोन चमचे किसलेला गूळ आणि दोन मोठे चमचे तेल घालून ते मांसाला चोळावे. फ्रीज असेल तर चार तास त्यात ठेवावे. फ्रीज नसेल तर अर्ध्या तासाच्या आत भाजायला घ्यावे. मसाला लावलेले कच्चे मांस ओट्यावर तासन्‌तास ठेवू नये. कच्च्या मांसाची सुरी, पाट आणि ताट साबणाने धुवावे. भाजलेली साते त्याच ताटात परत ठेवू नये.

रस्सा आधी करून ठेवावा. आपल्याकडे एकादशीला दाण्याची आमटी करतात ना? तिचीच ही दूरची बहीण समजा. फक्त हिने कांदालसूण जवळ केला आहे. एक वाटी शेंगदाणे भाजून, सोलून, त्यांचा भरड कूट करा. शेंगदाणे निवडताना बुरशी लागलेले, काळवंडलेले, सुरकुतलेले दाणे फेकून द्यावेत. त्यांत विष असू शकते आणि ते भाजल्याने पूर्णपणे जात नाही. चार सुक्या मिरच्या भिजवून एक कांदा आणि तीन लसूणपाकळ्यांबरोबर वाटा. हे वाटण तीन चमचे तेलात, तेल सुटेपर्यंत परता. मग एक वाटी नारळाचे दूध, अर्धी वाटी पाणी, कूट, सुपारीएवढा गूळ, चमचाभर चिंचेचा कोळ आणि चवीपुरते मीठ घाला. गवती चहाच्या दोन पानांची गाठ मारून आत सोडा आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटे ढवळत राहा. वर तेलाचा तवंग आला की रस्सा झाला. पानांची गाठ काढून टाका.

काड्या बांबूच्या, वीतभर लांबीच्या घ्याव्यात आणि अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे त्या पेट घेत नाहीत. जावामध्ये नारळाच्या झावळीचे हीरही वापरतात. कोकणातल्या श्रोत्यांना ते सहज मिळतील. घरच्या खराट्यातले मात्र उपसू नका, बरं का! एका काडीवर चार-पाच तुकडे ओवावेत.

आता खरे काम निखाऱ्याचे. अंगणात विटांच्या दोन ओळी, मध्ये टीचभर जागा सोडून मांडा. त्या फटीत लाकडी कोळसा पेटवा. काडीची दोन टोके विटांवर टेकतील आणि मांस फटीवर, निखाऱ्यापासून चार बोटे वर राहील. आमच्या जिल्ह्यात द्राक्षछाटणीच्या काड्यांचे ढीग पडलेले असतात. त्या पेटवण्याचा मोह होतो. पण बागेवर औषधांची फवारणी झालेली असते, म्हणून त्या अन्नाखाली जाळू नयेत.

पहिल्या वेळी मी घाई केली. ज्वाळा दिसताच काड्या ठेवल्या. पाच मिनिटांत साते बाहेरून काळी झाली, आतून गुलाबीच राहिली. सगळी परत भाजावी लागली. तेव्हा कळले ते असे: ज्वाळेवर भाजायचे नाही. ज्वाळा शमून निखाऱ्यांवर राखेचा पांढुरका थर चढेपर्यंत थांबायचे. मग मिनिटामिनिटाला काडी फिरवीत आठ-दहा मिनिटे भाजायचे. गवती चहाचे एक ताट बुंध्याशी ठेचले की त्याचा छान कुंचला होतो; त्याने मधूनमधून तेल लावावे. सर्वांत जाड तुकडा कापून पाहावा. आत गुलाबीपणा नसावा आणि रस स्वच्छ निघावा. तापमापक असेल तर आतली उष्णता ७४ अंश सेल्सिअस भरली पाहिजे. सोबत काकडी आणि कच्च्या कांद्याच्या फोडी द्याव्यात. तिकडे भाताच्या थापीव वड्या देतात. आपल्याकडे तांदळाची भाकरी चालेल. शाकाहारी मंडळींनी हाच मसाला पनीरला लावावा आणि त्याच्या काड्या वेगळ्या विटांवर भाजाव्यात.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. दिवस जानेवारीचे होते. निफाडकडची थंडी किती बोचरी असते, हे तुम्ही जाणताच. नाशकातही त्या रात्री हात गारठत होते. जेवणे झाली, विटांमध्ये निखारे अजून फुललेले होते. आई म्हणाली, “अरे, ते घमेल्यात भरून माझ्या खोलीत ठेव. वाया कशाला घालवायचे?” मला ते पटले. मी घमेले उचललेही. खोलीची दारे-खिडक्या थंडीमुळे बंद होती. तेवढ्यात दहावीतली मुलगी आडवी आली. म्हणाली, “बाबा, धूर दिसत नाही म्हणजे वायू नाही, असं नव्हे.”

तिचे खरे होते. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साचतो आणि झोपलेल्या माणसाला जाग न येताच त्याचा जीव जातो. वर्गात मी वाऱ्यांचे प्रकार शिकवतो, आणि घरातल्या हवेचा विचार मला सुचू नये! आईला आम्ही दुसरी गोधडी दिली. निखाऱ्यांवर थोडे थोडे पाणी शिंपडून ते पार विझवले.

तेव्हा, श्रोतेहो, येत्या रविवारी साते जरूर करून पाहा. मुलांना काड्या ओवायला बसवा आणि शेंगदाण्याचा प्रवास त्यांना सांगा. पण शेगडी उघड्यावर ठेवा, आणि घरात जाण्यापूर्वी शेवटचा निखारा विझला की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.