कुत्र्याच्या पोटातले जंत



आज आम्ही कुत्र्याविषयी बोलणार आहोत. हसू नका. गाई-म्हशींची गोष्ट काढली की सगळे सरसावून बसतात. कुत्र्याचं नाव काढलं की मागची मंडळी उठायला लागतात. पण रात्री खळ्यावर धान्य कोण राखतं? मेंढरांत लांडगा शिरला तर त्याच्या अंगावर कोण जातं? तेव्हा थोडा वेळ बसा.

आधी आमचीच एक चूक सांगतो. एका वस्तीवर कुत्री व्याली होती. सहा पिल्लं होती. एकाचं पोट टम्म फुगलेलं. घरच्या बाईंनी विचारलं, "याचं पोट असं का हो?" आम्ही म्हणालो, "दूध भरपूर पितंय. खातं-पितं पिल्लू आहे." महिन्यानं परत गेलो, तर तीनच पिल्लं उरली होती. बाईंनी आम्हांला बोल लावला नाही. पण आमची मान खाली गेली. ते पोट दुधाचं नव्हतं, जंतांचं होतं. पोट नगाऱ्यासारखं आणि पाठीचा कणा हाताला लागतोय, हे आम्ही पाहायला हवं होतं. पाहिलं नाही.

मग आम्ही गुरांच्या डॉक्टरांकडे बसून सगळं नीट समजून घेतलं. तेच तुम्हांला सांगतो.

कुत्र्याच्या पोटात मुख्यतः तीन जातींचे जंत होतात. पहिले गोल जंत. शिजलेल्या शेवयांसारखे पांढरे, वीतभरापर्यंत लांब. पिल्लाच्या ओकारीत किंवा शेणात ते वेटोळं करून पडलेले दिसतात. अशा पिल्लाचे केस राठ होतात, ते वाढत नाही.

दुसरे आकडेवाले जंत. हे बोटाच्या पेराहूनही लहान असतात. ते आतड्याला चावून धरतात आणि रक्त पितात. पिल्लाचा ओठ वर करून हिरडी पाहा. गुलाबी असेल तर ठीक. पांढरी फटक असेल, शेण डांबरासारखं काळं होत असेल, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. लहान पिल्लू यानं दोन-चार दिवसांतही जातं.

तिसरे चपटे जंत. यांचे तुकडे शेपटीखालच्या केसांना चिकटतात. ओले असताना वळवळतात, वाळले की तांदळाच्या दाण्यासारखे दिसतात. कुत्रं बूड जमिनीला घासत चालतं, त्याचं हेही एक कारण असतं.

आणि एक ध्यानात ठेवा. मोठ्या कुत्र्याच्या पोटात जंत असूनही बाहेरून काहीच दिसत नाही, असं पुष्कळदा होतं. दवाखान्यात शेण तपासलं की कळतं.

आता हे जंत येतात कुठून? तुम्ही म्हणाल, गुळानं. आमची आजीही तसंच म्हणायची. पण गुळानं जंत होत नाहीत. गोल जंत आईच्या अंगात दडून असतात. ती गाभण राहिली की पोटातल्या पिल्लांत शिरतात. म्हणजे पिल्लू जंत घेऊनच जन्मतं! आकडेवाले जंत आईच्या दुधातून येतात, मातीतून कातडीवाटेही शिरतात. चपटे जंत पिसवांतून येतात. कुत्रं अंगावरची पीस चावतं आणि गिळतं. म्हणून औषध दिलं आणि पिसवा तशाच ठेवल्या, तर चपटे जंत पुन्हा होतात.

औषधाचं म्हणाल तर ते सोपं आहे, पण माप हवं. गोल आणि आकडेवाल्या जंतांना पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल चालतं. चपट्यांना प्राझिक्वांटेल लागतं. तिन्ही मिळूनही एक गोळी येते, तिचं माप बहुधा दहा किलो वजनाला एक असं असतं. वजन कसं करायचं? कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा. मग त्याला खाली ठेवून एकटे उभे राहा. पहिला आकडा 62, दुसरा 50, तर कुत्रं 12 किलोचं. हा आकडा डॉक्टरांना सांगा. किती गोळी द्यायची, ते सांगतील. पाकिटावर औषधाची मुदत छापलेली असते. आता तुम्हांला वाचता येतं, तेव्हा ती स्वतः वाचा.

गोळी कडू असते. भाकरीच्या तुकड्यात थोडा गूळ घालून द्या. बिचारा गूळ, उगीच बदनाम झाला!

तंबाखूचं पाणी, रॉकेल असलं काही पाजू नका. त्यानं जंतांआधी कुत्रंच मरतं. गुरांचं इंजेक्शनही अंदाजानं टोचू नका.

पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की पहिला डोस. मग दर दोन आठवड्यांनी, आठ आठवड्यांचं होईपर्यंत. त्याच वेळी आईलाही द्यायचा. पुढं सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, मग दर तीन महिन्यांनी. कुत्री गाभण असेल तर डॉक्टरांना तसं सांगायला विसरू नका. सगळी औषधं तिला चालत नाहीत.

हे झालं कुत्र्याचं. पण हे जंत घरात माणसांपर्यंत येतात. गोल जंतांची अंडी अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पोर मातीत खेळतं, हात न धुता खातं, अंडी पोटात जातात. त्यातली बारीक अळी डोळ्यात गेली तर नजरही जाऊ शकते. ताज्या शेणातली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना पिकायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून अंगणातली घाण रोज उचलून खोल पुरली, तर निम्मं काम झालं.

धनगर बांधवांनो, आता तुमच्यासाठी. बोकड किंवा मेंढरू कापलं, की काळजात किंवा फुप्फुसात कधी कधी पाण्यानं भरलेला पांढरा फुगा दिसतो. आपण तो भाग कापतो आणि कुत्र्याला टाकतो. जत्रेत तर हे सर्रास चालतं. त्या फुग्यात एका अगदी बारक्या चपट्या जंताचं बी असतं. ते कुत्र्याच्या पोटात वाढतं. कुत्रं धडधाकट दिसतं, शेणातही जंत दिसत नाही. पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर तसाच फुगा माणसाच्या काळजात धरतो. वर्षानुवर्षं कळत नाही. मग मोठं ऑपरेशन करावं लागतं. तेव्हा तो भाग कच्चा टाकू नका. खोल पुरा, नाहीतर अर्धा तास उकळा. आणि असं कच्चं खाणाऱ्या कुत्र्याला प्राझिक्वांटेल दर सहा आठवड्यांनी द्या.

त्या वस्तीवरची कुत्री पुढच्या वर्षी पुन्हा व्याली. पाच पिल्लं झाली. बाईंनी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं तारखा लिहून ठेवल्या होत्या आणि डोस दिला की एकेक खोडत होत्या. पाचही जगली. त्यांतलं एक आम्ही आणलं. ते बघा, दाराशी बसलंय.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.