अटलांटिकची राणी मॉरेटेनिया

लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला जाणारं एक जहाज तब्बल 20 वर्षं प्रवासी जहाजांमध्ये जगात सर्वात वेगवान होतं. त्याचं नाव मॉरेटेनिया. इंग्लंडमधल्या टाइन नदीकाठच्या गोदीत बांधलेलं हे जहाज नोव्हेंबर 1907 मध्ये पहिल्या सफरीवर निघालं आणि परतीच्या वाटेवरच त्यानं विक्रम केला. 1909 मध्ये पश्चिमेकडच्या प्रवासाचा विक्रमही त्याच्याच नावावर झाला. सरासरी वेग 26 नॉटहून अधिक, म्हणजे ताशी सुमारे 48 किलोमीटर.

या वेगाचं रहस्य होतं चार्ल्स पार्सन्स यांच्या वाफेच्या टर्बाइनमध्ये. दट्ट्या मागेपुढे ढकलण्याऐवजी वाफ थेट पात्यांवर सोडायची आणि आस फिरवायचा. पण ती वाफ तयार करायला दिवसाला सुमारे 1000 टन कोळसा लागे. तळाशी, भट्ट्यांच्या धगीत, घामानं निथळणारे कामगार पाळ्यापाळ्यांनी फावड्यानं तो आत लोटत. विक्रमाचं निम्मं श्रेय मी त्यांना देईन. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला भट्ट्या तेलावर आल्या, तेव्हा कुठे हे कष्ट संपले.

पहिल्या महायुद्धात मॉरेटेनियानं सैनिक नेले, जखमींचं रुग्णालय म्हणूनही काम केलं. तिची जोडीदार लुसिटानिया मात्र 1915 मध्ये जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली.

1935 मध्ये स्कॉटलंडमधल्या रोसाइथ इथं मॉरेटेनिया तोडायला काढली. मला मात्र तिचं 1929 साल अधिक मोठं वाटतं. जर्मनीच्या ब्रेमेन जहाजानं विक्रम हिसकावल्यावर बावीस वर्षांच्या मॉरेटेनियानं तो परत मिळवायला जोर लावला. विक्रम हुकला, पण स्वतःचे जुने सगळे वेग तिनं त्या सफरीत मागे टाकले.