नोंदवहीचे विश्वस्त

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘इंटरनेटची सामायिक नोंदवही’ हा आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल की, हा तर संगणक अभियंत्यांचा प्रांत. कला शाखेत शिकलेल्या पत्रकाराने त्यात कशाला पडावे? परंतु ही गोष्ट यंत्रांपेक्षा माणसांची अधिक आहे. नोंद चुकली की घरात, गावात आणि राज्यात काय अनर्थ ओढवतो, हे कळण्यासाठी अभियंता असावे लागत नाही.

इंटरनेट हे कोणा एका देशाच्या वा कंपनीच्या मालकीचे जाळे नव्हे. जगभरातील सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र जाळी परस्परांशी जोडून ते उभे राहिले आहे. या व्यवहारात प्रत्येक जाळ्याला आकड्यांनी बनलेले पत्ते लागतात. जुन्या पद्धतीच्या अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. त्यांतील कोणता समूह कोणाच्या स्वाधीन आहे, तक्रार असल्यास कोणाशी संपर्क साधावा, याची नोंद पाच प्रादेशिक संस्था ठेवतात. युरोप व पश्चिम आशियासाठी अ‍ॅमस्टरडॅमची राइप एनसीसी, आपल्या आशिया-प्रशांत विभागासाठी ब्रिस्बेनची एपनिक, उत्तर अमेरिकेसाठी अरिन, दक्षिण अमेरिकेसाठी लॅकनिक आणि आफ्रिकेसाठी मॉरिशसमधील आफ्रिनिक. भारतात निक्सी या संस्थेच्या छत्राखाली २०१२ पासून राष्ट्रीय नोंदणी कार्यालय काम करीत आहे.

आपल्या भाषेत सांगायचे, तर हा इंटरनेटचा सातबारा आहे. जमीन कसणारा एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे, अशी स्थिती असली की भाऊबंदकी माजते. येथेही तसेच घडते. फरक एवढाच की, येथे बांध कोरला जातो तो काही क्षणांत, आणि त्याचा फटका सातासमुद्रापार बसतो.

नोंद हे शासनाचे अधिष्ठान आहे, हा विचार आपल्याला नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘गोप’ नावाचा अधिकारी येतो. पाच किंवा दहा गावांच्या सीमा, शेते, घरे आणि माणसे यांची नोंद ठेवणे हे त्याचे काम. राज्याचे सारे हिशेब ज्या ‘अक्षपटला’त ठेवले जात, त्याला या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण आहे. सैन्य आणि कोश यांच्या बरोबरीने लेखनिकाचीही चिंता वाहणारी ती दृष्टी होती.

इंटरनेटची वहीसुद्धा आरंभी मोजक्या निष्ठावंतांनी सांभाळली. एलिझाबेथ फाइनलर या विदुषी १९७२ पासून १९८९ पर्यंत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या माहिती केंद्राच्या प्रमुख होत्या. जाळ्यावरील सर्व यंत्रांची यादी त्यांच्या केंद्रात ठेवली जाई. जाळ्यातील क्रमांकांची नोंद जॉन पोस्टेल यांनी आयुष्यभर ठेवली. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे नाव सामान्य वापरकर्त्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? प्रसिद्धिपराङ्मुख राहून काम करणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

मात्र पसारा वाढला, तसा केवळ विश्वासावर चालणारा व्यवहार अपुरा पडू लागला. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानच्या दूरसंचार कंपनीने आपल्या देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी त्याच्या पत्त्यांवर दावा सांगणारी घोषणा केली. ती घोषणा देशाबाहेर गेली. वरच्या परदेशी जाळ्याने ती ताडून न पाहताच पुढे पाठविली आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब दिसेनासे झाले. यावर हसण्यापूर्वी आपण आपल्या घराकडेही पाहावे. १६ एप्रिल २०२१ रोजी भारतातील एका मोठ्या दूरसंचार जाळ्याने तीस हजारांहून अधिक पत्ता-समूह आपल्याकडे असल्याचे चुकून जाहीर केले होते. चुकीला राष्ट्रीयत्व नसते. ती रोखणारी शिस्त मात्र प्रत्येक राष्ट्राला स्वतःच अंगी बाणवावी लागते.

यावर उपाय निघाला तो स्वाक्षरीच्या नोंदीचा. ‘माझा हा पत्ता-समूह अमुक जाळ्यानेच जाहीर करावा’ असे पत्ताधारक आता डिजिटल स्वाक्षरीने नोंदवून ठेवू शकतो. पाहणाऱ्या जाळ्यांनी ती नोंद तपासली, तर खोटा दावा तेथेच अडतो. २०११ पासून ही व्यवस्था आकाराला आली आणि मे २०२४ मध्ये जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे निम्म्याहून अधिक मार्ग तिच्या कक्षेत आले. ही प्रगती लहान नव्हे.

परंतु स्वाक्षरी आली म्हणजे जबाबदारी संपली, असे नाही. ३ जानेवारी २०२४ रोजी ऑरेंज या कंपनीच्या स्पेनमधील जाळ्याच्या राइप खात्यात एका भामट्याने शिरकाव केला आणि तेथील स्वाक्षरीच्या नोंदी बदलल्या. खात्याचा परवलीचा शब्द सहज ओळखता यावा असा होता. परिणामी इतर जाळ्यांनी ऑरेंजचे खरे मार्गच खोटे ठरवून नाकारले आणि तेथील ग्राहकांची सेवा काही तास विस्कळीत झाली. किल्ला भक्कम होता, पण दिंडी उघडी राहिली. त्यानंतर राइपने सर्व खात्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची केली.

याहून गंभीर कथा आफ्रिकेची आहे. तेथे धोका बाहेरून आला नाही. वही ज्यांच्या हाती दिली होती, त्यांच्यातूनच आला. आफ्रिनिकच्या नोंदींत आतून फेरफार करून मोठमोठे पत्ता-समूह परस्पर वळविले गेल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. एका संशोधकाने आणि दक्षिण आफ्रिकेतील पत्रकारांनी जुन्या नोंदी चिकाटीने पडताळल्या, म्हणून ते जगाला कळले. संस्थेने पुढे केलेल्या तपासणीत असे चाळीस लाखांहून अधिक पत्ते आढळले. जुन्या पत्त्यांचा साठा संपत आल्यामुळे एकेका पत्त्याला बाजारात वीस ते पन्नास डॉलर मोजले जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे लुटीचा आकार कळतो. पुढे पत्त्यांच्या वादातून खटले उभे राहिले. २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने संस्थेची बँक खाती गोठविली गेली, २०२३ मध्ये तिच्यावर प्रशासक नेमावा लागला आणि निर्वाचित संचालक मंडळ पुन्हा येण्यास सप्टेंबर २०२५ उजाडला. एका खंडाची नोंदवही वर्षानुवर्षे कज्ज्यात अडकून पडली.

यातून आपण काय घ्यायचे? सामायिक वही उत्तम संगणकाने टिकत नाही. ती तीन गोष्टींनी टिकते. सांभाळणाऱ्याचे चारित्र्य, बाहेरच्याला पडताळणीची मुभा आणि प्रत्येक नोंदधारकाची स्वतःची नोंद अद्ययावत ठेवण्याची सवय. पहिल्या दोन गोष्टींवर पुष्कळ बोलले जाते. तिसरीकडे दुर्लक्ष होते, आणि ती तर आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे.

शाखेतील गटनायकाची सूची आठवा. कोणी घर बदलतो, कोणी शिक्षणासाठी परगावी जातो, कोणाचा दूरध्वनी बदलतो. गटनायक घरोघरी जाऊन सूची दुरुस्त करीत असतो, म्हणून संकटाच्या रात्री एका तासात माणसे उभी राहतात. सूची कागदावर नीटनेटकी, पण वर्षभर कोणी संपर्कच केला नाही, तर ऐन वेळी तिचा उपयोग शून्य.

नेमके हेच इंटरनेटच्या वहीत घडते. एखाद्या बँकेवर दूरच्या यंत्रांवरून हल्ला होतो, तपास करणारा वहीत संपर्क शोधतो आणि तेथे सापडते सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे नाव. पत्र परत येते. दरम्यान चोर निसटतो. हे ओळखूनच एपनिकने २०१९ पासून तक्रारीसाठीचा संपर्क ठरावीक काळाने, निदान दर सहा महिन्यांनी, पडताळण्याचा नियम लागू केला. नियम उत्तम आहे. पण पडताळणीच्या पत्रावर यांत्रिकपणे कळ दाबणारा आणि आलेल्या तक्रारीला खरोखर उत्तर देणारा, यांतील अंतर कोणताही नियम बुजवू शकत नाही.

म्हणून बँका, महाविद्यालये, रुग्णालये, सहकारी संस्था आणि सेवा-पुरवठादार कंपन्या यांत काम करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना माझे आवाहन आहे. आपल्या संस्थेच्या नावे पत्ते असतील, तर त्यांची नोंद एकदा स्वतः उघडून पाहा. संपर्क व्यक्तीच्या नावाने न ठेवता पदाच्या नावाने ठेवा, म्हणजे माणूस गेला तरी दुवा तुटणार नाही. स्वाक्षरीची नोंद करा, ती बिनचूक आहे ना हे दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या आणि किल्ल्या दोन जबाबदार माणसांकडे ठेवा. वापरात नसलेली जुनी नोंद काढून टाका.

तरुण अभियंत्यांना आणखी एक सांगणे आहे. या वह्यांचे नियम कोणा सम्राटाच्या फर्मानाने होत नाहीत. राइप असो वा एपनिक, तेथे कोणीही प्रस्ताव मांडू शकतो आणि निर्णय चर्चेतून, सर्वसंमतीने होतो. नव्या पद्धतीचे पत्ते स्वीकारण्यात भारत आज जगातील अग्रेसर देशांत आहे. २०१४ पासून ‘.भारत’ हे नाव देवनागरीत जाळ्यावर उमटले आहे. वापरणाऱ्यांच्या संख्येत आपण मोठे आहोतच. आता नियम घडविणाऱ्यांच्या आणि नोंदी राखणाऱ्यांच्या पंक्तीतही आपली माणसे त्याच प्रमाणात दिसली पाहिजेत. परकीयांच्या हाती सूत्रे आहेत, अशी तक्रार करणे सोपे आहे. चर्चेचे कंटाळवाणे मसुदे वाचून, रात्री जागून त्यांत अचूक दुरुस्ती सुचविणे कठीण आहे. सार्वभौमत्वाची खरी साधना या दुसऱ्या वाटेने होते.

या कामाला हारतुरे नाहीत. वही बिनचूक असली की कोणाचे तिच्याकडे लक्षही जात नाही. परंतु राष्ट्रजीवनाची कित्येक कामे अशीच असतात आणि ती करणारी माणसे समाजाला सतत लागतात. अशी माणसे येथून उभी राहावीत, एवढी अपेक्षा व्यक्त करतो आणि थांबतो.